वाट पाहणे हेही कामच आहे

काशी मराठी माणसाला परकी नाही. पंचगंगा घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्या काशीच्या समोर, गंगेच्या पूर्व तीरावर, रामनगर आहे. काशीनरेशांचा किल्ला आणि महिनाभर चालणारी रामलीला यांसाठी ते प्रसिद्ध आहे. आपल्या वाचकांच्या दृष्टीने त्याचे आणखी एक महत्त्व आहे. लालबहादूर शास्त्रींचे घर रामनगरला होते. शास्त्रीजी १९५२ ते १९५६ या काळात रेल्वेमंत्री होते आणि १९५७ साली दळणवळण मंत्री म्हणून टपाल-तार खाते त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टपाल-तार कर्मचाऱ्यांनी संपाची हाक दिली. संप प्रत्यक्षात झाला नाही, पण त्या दडपणाखाली सरकारला दुसरा वेतन आयोग नेमावा लागला.

आज त्याच रामनगरच्या रस्त्यांवरून, आपल्या प्रत्येक शहराप्रमाणेच, आपल्या कामाचाच एक भाग करणारा नवा कामगार फिरतो आहे. तो म्हणजे घरोघर पार्सल पोहोचवणारा चालक. पाठीवर मोठी पिशवी घेऊन मोटारसायकलवर फिरणारा, नाहीतर छोटा टेम्पो चालवणारा. त्याला वेतन आयोग नाही, ड्युटी रोस्टर नाही आणि उद्या किती तास काम मिळेल याचा भरवसाही नाही. त्याच्या आठवड्याच्या किमान तासांची व किमान पगाराची हमी ही मागणी आता देशातील संघटित कामगार चळवळीने स्वतःची मानली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रामनगरला मालवाहतुकीचे महत्त्व सरकारने ओळखलेले आहे. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी तेथे गंगेवरील जलमार्गाच्या बहुउद्देशीय टर्मिनलचे उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. कोलकात्याहून नदीमार्गे कंटेनर आले. दोनशे कोटींहून अधिक रुपये त्या कामावर खर्च झाले. नदी, रेल्वे आणि महामार्ग एकत्र जोडण्याची ती योजना होती. माल जलद जावा, खर्च कमी व्हावा, याबद्दल आमचा वाद नाही. पण मालाचा प्रवास टर्मिनलवर संपत नाही, तो गिऱ्हाइकाच्या दारात संपतो. त्या शेवटच्या टप्प्यावर जो माणूस उभा आहे, त्याच्यासाठी कोणती योजना आहे?

त्याचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी गोदामावर हजर व्हायचे. माल घेऊन येणारी गाडी उशिरा आली, तर ती येईपर्यंत थांबायचे. पार्सले वाटून मिळाली की बाहेर पडायचे. माल शहरातल्या गोदामातून येणार असेल तर पूल ओलांडणे आले, आणि पुलावरची कोंडी त्याच्या हातात नसते. रामलीलेच्या महिन्यात संध्याकाळी रामनगरचे रस्ते माणसांनी भरलेले असतात. गिऱ्हाईक घरी नसले तर पुन्हा फेरी. दिवस असा तासांनी मोजला जातो, पैसे मात्र मिळतात नगावर.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. समजा दर पार्सलमागे १५ रुपये मिळतात. ज्या दिवशी ६० पार्सले मिळाली त्या दिवशी ९०० रुपये झाले. ज्या दिवशी २० मिळाली त्या दिवशी ३००. पेट्रोल, गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती यांचा रोजचा खर्च २५० रुपये धरला, तर पहिल्या दिवशी हातात ६५० राहिले आणि दुसऱ्या दिवशी फक्त ५०. आठवड्यातले तीन दिवस असे आणि तीन दिवस तसे गेले तर सहा दिवसांची कमाई २,१०० रुपये. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, असे रोजचे अकरा तास धरले तर आठवड्याचे ६६ तास होतात. म्हणजे तासाला ३२ रुपयेही पडत नाहीत! मंदीच्या तीन दिवसांत तो घरी बसलेला नव्हता. तो हजर होता, गणवेश घालून, गाडीत पेट्रोल भरून. काम नव्हते यात त्याचा दोष काय? धंद्यातली चढउतार सोसण्यासाठी मालकाकडे भांडवल असते. इथे ती चढउतार सरळ कामगाराच्या चुलीवर आणून ठेवली आहे.

रेल्वेच्या साथींना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. फाटकवाला गाडीची वाट पाहत बसलेला असतो तेव्हा तो कामावर असतो. स्टेशनमास्तर दोन गाड्यांच्या मधल्या वेळेत कामावर असतो. हे आज स्वयंसिद्ध वाटते, पण ते लढून मिळवावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्यापुढे १९४६ साली टपाल कर्मचाऱ्यांचा तंटा गेला आणि रेल्वे कामगारांचा तंटाही त्यांच्यापुढेच चालला. त्यांच्या १९४७ च्या निवाड्यात रेल्वेच्या कामाचे वर्ग पाडून आठवड्याच्या तासांच्या मर्यादा घातल्या गेल्या. इंटेन्सिव्ह कामाला ४५, कंटिन्युअसला ५४ आणि इसेन्शियली इंटरमिटंटला ७५. त्या ७५ तासांवर आपल्या संघटनांनी वर्षानुवर्षे टीका केली, आणि ती योग्यच होती. पण त्या वर्गातसुद्धा रिकामा गेलेला वेळ ड्युटीतून वगळला गेला नाही. माणूस मालकाच्या हुकमाखाली हजर आहे, तेव्हा तो ड्युटीवर आहे, हे तत्त्व कायम राहिले.

रनिंग स्टाफचे उदाहरण तर अधिकच जवळचे आहे. त्यांचा भत्ता किलोमीटरवर मोजला जातो, म्हणजे एका अर्थी तोही नगावरचाच दर झाला. तरीही मूळ पगार ठरलेला असतो, आणि प्रशासनाने ड्रायव्हरला गाडीऐवजी दुसऱ्या कामावर लावले तर किलोमीटरऐवजी भत्ता, ज्याला आपण ए.एल.के. म्हणतो, तो मिळतो. तेव्हा नगावर दर आणि किमान हमी या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे म्हणणे आपल्याला तरी कोणी सांगू नये.

मुंबईच्या गोदीचा इतिहासही हेच सांगतो. जहाज आले तर काम, नाही आले तर उपास, अशी गोदी कामगाराची स्थिती होती. रोज सकाळी टोळीवाल्यापुढे उभे राहायचे आणि तो बोट दाखवील त्यानेच आत जायचे. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने हे चित्र बदलले. कामगारांची नोंदणी झाली, मंडळ स्थापन झाले, आणि काम नसलेल्या काळातही, कामगार कामाला तयार असेल तर, त्याला किमान वेतन देण्याची तरतूद कायद्यात आली. कामगार अनेक मालकांचा, पण जबाबदारी सर्वांची मिळून, असा तो मार्ग होता. पुढे १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला तोही याच वाटेने. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्या नेत्यांचा लढा होता. जहाजे वेळापत्रकाप्रमाणे येत नव्हती, तरी हमी देता आली. मग ज्या कंपन्यांचे संगणक प्रत्येक पार्सलचा ठावठिकाणा सांगतात, त्यांना पुढच्या आठवड्याच्या कामाचा अंदाज बांधता येत नाही, यावर कोण विश्वास ठेवील?

टपालाच्या साथींसमोर तर जिवंत उदाहरण आहे. खेड्यापाड्यांत टपाल आणि पार्सल पोहोचवणारा ग्रामीण डाक सेवक, पूर्वीचा ई.डी. कर्मचारी. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली राजम्मा खटल्यात त्याची जागा हे नागरी पद असल्याचे मान्य केले. २२ मे २०१८ पासून ग्रामीण डाक सेवकांनी सोळा दिवसांचा संप केला. त्यानंतर कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवरील निर्णय अमलात आला आणि डाक सेवकाला किमान चार तासांच्या कामासाठी १०,००० व पाच तासांच्या कामासाठी १२,००० रुपये, अधिक महागाई भत्ता, असा मासिक मोबदला ठरला. तो अजून नियमित कर्मचारी मानला जात नाही, आणि तो लढा चालू ठेवावाच लागेल. पण एखाद्या दिवशी थैलीत चारच पत्रे आली म्हणून त्याचा मोबदला चार पत्रांपुरता होत नाही. किमान तासांची हमी म्हणतात ती हीच. सरकारी खात्यात, दुर्गम खेड्यात जे शक्य झाले, ते शहरातील श्रीमंत कंपन्यांना अशक्य कसे?

परदेशातही हे लढूनच मिळाले आहे. अमेरिकेत युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीतील सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी ऑगस्ट १९९७ मध्ये टीमस्टर्स युनियनच्या झेंड्याखाली पंधरा दिवस संप केला. अर्धवेळ कामाविरुद्धचा तो लढा होता, आणि १०,००० नव्या पूर्णवेळ जागा कंपनीला कबूल कराव्या लागल्या. त्या कंपनीच्या करारात अर्धवेळ कामगाराला, तो कामावर हजर झाला की, दिवसाला साडेतीन तासांच्या पगाराची हमी आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली उबर चालकांच्या खटल्यात निकाल दिला की, चालक आपल्या भागात ॲप चालू ठेवून भाडे घेण्यास तयार असतो तो वेळ कामाचाच वेळ आहे.

आपल्याकडील कायदा कुठवर आला आहे? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे २०२०-२१ मध्ये देशात अशा प्रकारच्या कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के वर्गणी निधीत भरावी अशी तरतूद झाली. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदे करून नोंदणी व कल्याण मंडळाची सोय केली. हे पाऊल पुढचेच आहे. पण या कायद्यांत विम्याची भाषा आहे, कल्याणाची आहे, आठवड्याच्या किमान तासांच्या हमीची नाही. किमान वेतनाचा हक्क नोकराला, आणि पार्सलवाल्याला मात्र 'भागीदार' म्हणून नोकरांच्या यादीबाहेर ठेवलेले. अपघात झाला तर निधीकडे बोट दाखवतील, पण चूल पेटायची ती आठवड्याच्या पगारावर.

मालकांचे आक्षेप आपल्याला पाठ आहेत. पहिला, या मुलांना स्वातंत्र्य हवे आहे, बांधिलकी नको. ज्याला दोनच तास काम करायचे आहे त्याने खुशाल करावे, हमीची मागणी त्याच्या आड येत नाही. पण जो सहा दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतो, त्याचे स्वातंत्र्य कसले? दुसरा आक्षेप, पार्सल महाग होईल. थोडे होईलही. पण आजचे स्वस्त पार्सल चालकाच्या खिशातून स्वस्त झाले आहे, हे गिऱ्हाइकाला कळले पाहिजे. तिसरी शंका आपल्यातल्याच काही साथींची आहे. हे लोक आपले काम पळवतात, त्यांच्यासाठी आपण का झगडावे? साथींनो, आपले काम हा पार्सलवाला पळवत नाही, त्याची स्वस्ताई पळवते. जोवर बाहेर विनाहमी माणूस मिळतो, तोवर पार्सल विभागात, मेल मोटारीवर, मालधक्क्यावर कंत्राट देण्याचा मोह प्रशासनाला होत राहणार. त्याचा तळ वर उचलला तरच आपले छत टिकेल.

म्हणून आमच्या मते मागण्या अशा असाव्यात:

१. गोदामावर हजर झाल्यापासून किंवा ॲपवर कामाला तयार असल्यापासून वेळ मोजावी. माल येईपर्यंतची प्रतीक्षा आणि न स्वीकारलेल्या पार्सलची फेरी त्यात धरावी.

२. सहा दिवस काम करणाऱ्याला आठवड्याला किमान ४० तासांच्या आणि अर्धवेळ काम करणाऱ्याला किमान २० तासांच्या पगाराची हमी द्यावी. बोलावून काम दिले नाही तर त्या दिवशी निदान चार तासांचा पगार द्यावा.

३. हा पगार पेट्रोल आणि गाडीचा खर्च वजा जाता त्या राज्यातील किमान वेतनापेक्षा कमी नसावा. नगावरचा दर त्याच्या वर, जादा कामाचा मोबदला म्हणून राहावा.

४. चौकशी न करता आयडी बंद करणे आणि संघटनेत आल्याबद्दल पार्सले कमी करणे यांस कायद्याने बंदी असावी.

५. मध्ये कंत्राटदार असला तरी पगाराची अंतिम जबाबदारी मूळ कंपनीची असावी. रेल्वे आणि टपाल खात्याच्या कंत्राटांतही हीच अट घालावी, म्हणजे सुरुवात आपल्या घरापासून होईल.

पाचवी मागणी आपण आपल्या प्रशासनापुढे आजच मांडू शकतो. बाकीच्यांसाठी त्या कामगारांची संघटना उभी राहावी लागेल, आणि तिथे आपला हात लागणार आहे. पार्सल ऑफिसबाहेर, आर.एम.एस.च्या दारात ही मुले रोज ताटकळत उभी असतात. शाखेच्या कार्यालयात त्यांना बसायला जागा द्या, पाणी द्या, त्यांच्या सभेला आपला फलक आणि आपली सतरंजी द्या. आठवड्याचे तास आणि पैसे वहीत टिपून ठेवायला शिकवा. ती वहीच उद्या तंट्यात त्यांचा पुरावा ठरेल. शाखांनी येत्या सर्वसाधारण सभेत या पाच मागण्यांचा ठराव करून महासंघाकडे पाठवावा, असे आमचे आवाहन आहे.

जो हजर आहे, तो कामावर आहे. हे तत्त्व आपल्या आधीच्या पिढीने फाटकवाल्यासाठी आणि गोदी कामगारासाठी मिळवले. रामनगरच्या पुलावर पार्सल घेऊन अडकलेल्या चालकालाही ते लागू झाले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!