मुलाखत उद्या आणि ताप आज

नोव्हेंबरच्या अखेरीस कॅट परीक्षा होते आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात देशभरातील व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश-मुलाखती चालतात. आपल्याकडे इन्फ्लुएन्झाचा एक भर जानेवारी ते मार्च या महिन्यांत येतो, दुसरा पावसाळ्यानंतर. म्हणजे मुलाखतींचा हंगाम आणि तापाचा हंगाम हे एकमेकांवरच येतात. त्यामुळे मुलाखतीच्या आदल्या दिवशी अंगात ताप भरलेला मुलगा किंवा मुलगी आणि सोबत चिंताक्रांत आईवडील, हे दृश्य या दिवसांत कुटुंबाच्या डॉक्टरांना नवे नसते.

‘नेमके आजच कसे आजारपण आले?’ असे घरात सारे म्हणतात. त्यात योगायोगाचा भाग असतो, पण सारा योगायोग नसतो. ब्रिटनमधील सॅलिसबरी येथे सर्दीवर संशोधन करणाऱ्या केंद्रात 394 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकून एक अभ्यास झाला. तो 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनावर ताण अधिक, त्यांना संसर्ग आणि सर्दी होण्याचे प्रमाणही अधिक, असे त्यात आढळले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अमेरिकी अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त दिसली. मुलाखतीच्या आधीचा आठवडा जागरणात घालवणे म्हणजे आजारपणाला दार उघडून देणे होय.

तरीही आजार आलाच तर? पालकांची पहिली मागणी ठरलेली असते: ‘डॉक्टर, काहीतरी जालीम द्या, उद्यापर्यंत बरे वाटले पाहिजे.’ या मागणीतील कळकळ समजण्यासारखी आहे. पण तिच्यापोटी जे मागितले जाते ते तपासून पाहावे. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. फार तर त्यांनी पोट मात्र बिघडते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने ताप काही तास दबतो, पण आजाराची लक्षणे झाकली जातात आणि रात्रीची झोपही उडू शकते. राहिली सलाइनची बाटली. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळपास एका केळ्याइतकी ऊर्जा. ज्याच्या तोंडाने पाणी आणि पेज जाते, त्याला सुई टोचून ताकद येत नाही.

प्रथम हे आजारपण आहे की धास्ती, हे ओळखावे. धास्तीनेही मळमळते, छाती धडधडते, दोन-तीनदा शौचास जावे लागते. मात्र तीत ताप नसतो, अंग ठणकत नाही आणि मन दुसरीकडे रमले की त्रास ओसरतो. हा त्रासही खराच असतो; त्याला ‘नाटक’ म्हणू नये. संथ श्वसन, घरच्यांशी चार साध्या गप्पा आणि लवकर झोप एवढ्याने तो बहुधा निवतो. थर्मामीटर मात्र लावून पाहावाच. हाताच्या स्पर्शावर विसंबू नये.

ताप असेल तर पॅरासिटामॉल पुरेसे असते. प्रौढ वयाच्या मुलाने एका वेळी 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर, एवढे पथ्य पाळावे. एक धोका ध्यानात ठेवावा: सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकदम घेतल्यास नकळत मात्रा दुप्पट होते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. याच गोळ्यांत पुष्कळदा क्लोरफेनिरामीन असते. नाक थांबते, पण गुंगी येते आणि उत्तर सुचायला वेळ लागतो. मुलाखतीच्या सकाळी अशी गोळी घेणे टाळावे. कधी न घेतलेले कोणतेही औषध त्या दिवशी प्रथमच घेऊ नये. शेजारणीने सुचवलेल्या काढ्यालाही हाच नियम लागू.

पोट बिघडले असेल तर जलसंजीवनी हेच पहिले औषध. पाकीट नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट मापाने, घालून ते घोटघोट द्यावे. मऊ भात, ताक, केळे चालते, उपास नको. ताप असताना किंवा शौचात रक्त दिसत असताना जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

मग जावे की न जावे? धाप लागणे, छातीत दुखणे, बडबड किंवा गुंगी, पोटात पाणीही न ठरणे, लघवी फार कमी होणे, शौचात रक्त, किंवा तीन दिवसांनंतरही न उतरणारा ताप यांपैकी एकही लक्षण असेल तर मुलाखतीचा विचार बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. एरवी साध्या सर्दीत जाता येते. जोराचा फ्लू असेल तर मात्र आधी संस्थेला कळवावे. पहिले काही दिवस तो इतरांना सहज लागतो आणि प्रतीक्षाकक्षात बसलेली मुलेही वर्षभर अभ्यास करूनच आलेली असतात. काही संस्था तारीख बदलून देतात, काही देत नाहीत. विचारल्यावाचून ते समजत नाही. बोलावण्याच्या पत्रातील पत्त्यावर त्याच दिवशी चार ओळी लिहाव्यात, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. हे पत्र वडिलांनी नव्हे, उमेदवाराने स्वतः लिहावे. न झालेला आजार तर कधीच लिहू नये.

जायचे ठरल्यास आदल्या रात्रीची उजळणी सोडून सात-आठ तास झोपावे. प्रवास असेल तर एक दिवस आधी पोहोचावे. घसा बसला असेल तर आदल्या दिवशी बोलणे कमी करावे आणि कोमट पाणी पीत राहावे. सोबत मास्क, रुमाल आणि पाण्याची बाटली असावी. आत गेल्यावर ‘मला सर्दी झाली आहे, आवाज थोडा बसला आहे’ एवढे एकच वाक्य बोलून हस्तांदोलन टाळावे. नंतर आजाराचा उल्लेख पुन्हा करू नये. परीक्षकांना दया नव्हे, उत्तर हवे असते.

पालकांसाठी एक विनंती. त्या दिवशी ‘एवढी फी भरली’, ‘एवढे वर्ष गेले’ ही वाक्ये घरात उच्चारू नयेत. तापलेल्या मुलाला ती आधीच पाठ असतात. त्याच्या उशाशी पाणी ठेवणे, फोन आपण घेणे आणि पाहुण्यांना दारातूनच परत पाठवणे, एवढे काम पुरेसे आहे. मुलाखत आटोपली म्हणजे आजार आटोपला असेही समजू नये. फ्लूनंतरचा थकवा आठवडाभर, क्वचित त्याहून अधिक रेंगाळतो. पुढच्या मुलाखतीची गाडी पकडण्यापूर्वी दोन दिवस तरी त्याला घरी निवांत झोपू द्यावे.