काळी म्हणजे कसदार, असे नाही

मातीचा रंग पाहून तिच्यातला सेंद्रिय कर्ब ताडायचा आणि हे काम गावातल्या स्वयंसेवकांवर सोपवायचे, ही कल्पना ऐकताच पटते. खर्च नाही, यंत्र नाही, रंगपट्टी हातात घेतली की झाले. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये गेल्या शतकातच अशी पट्टी तयार झाली आणि तिथे ती चालली, कारण तिथल्या शेतांत रंग बराचसा सेंद्रिय पदार्थांबरोबर बदलतो. मराठवाड्यातल्या हदगावच्या शिवारात मात्र ती पहिल्याच धुऱ्यावर फसेल. पैनगंगेकाठची ही भारी जमीन बेसाल्टच्या झिजेतून झाली आहे. तिचा काळेपणा खनिजांचा आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसलेल्या थोड्याशा ह्यूमसचा आहे. युक्रेनची चेर्नोझेमही काळीच, पण तिच्यात कर्ब कित्येक टक्के भरतो. आपल्या काळ्या रानात तो बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आतच. कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल तर कमी आणि ०.७५ च्या वर असेल तर भरपूर, असे आपल्याकडे साधारणपणे मानतात. म्हणजे सगळा निकाल पाव टक्क्याच्या फरकावर लागायचा, आणि तो फरक काळ्याभोर ढेकळात डोळ्यांना दिसत नाही. त्यात ओल असली की माती आणखी काळी दिसते, चुनखडी असली की फिकी. माळावरच्या तांबूस मातीत गवत टिकून असेल तर कर्ब काळ्या रानाहून जास्तही निघू शकतो. काळी म्हणजे कसदार ही आपली पिढीजात समजूत रंगपट्टीने उलट पक्की होईल.

म्हणून स्वयंसेवकांना घरी बसवावे, असे माझे म्हणणे नाही. रंगच पाहायचा, पण मातीचा नव्हे, पाण्याचा. विहिरीत टाकायचे जांभळे पोटॅशियम परमँगनेट मराठवाड्यातल्या गावांना नवे नाही. त्याच्या सौम्य द्रावणात ठरावीक वजनाची वाळलेली माती टाकून दोन मिनिटे हलवायची आणि दहा मिनिटे निवळू द्यायची. मातीतला सहज ऑक्सिडीकरण होणारा, म्हणजे जिवाणूंना लवकर उपलब्ध होणारा कर्ब जितका जास्त, तितका जांभळा रंग उतरतो. अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ रे वाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही चाचणी शेतावर करता येईल इतकी सोपी केली. माती काळी आहे की तांबडी, याचा इथे डोळ्यांना अडथळा होत नाही, कारण वाचायचा असतो वर निवळलेल्या पाण्याचा रंग. शिवाय एकूण कर्ब वाढायला वर्षे लागतात. हा सक्रिय भाग शेणखत, पालापाचोळा किंवा मशागतीतल्या बदलाला लवकर प्रतिसाद देतो.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारी प्रयोगशाळा आहेत, मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? त्या योजनेत कोरडवाहू भागासाठी १० हेक्टरच्या चौकटीला एक नमुना असा निकष ठेवला गेला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातले सरासरी वहितीक्षेत्र १.३४ हेक्टर. म्हणजे एका नमुन्यावर सात-आठ शेतकऱ्यांचे भविष्य सांगायचे. एकाच्या रानात गुरे बसतात, शेजारचा दरसाल पऱ्हाटी पेटवतो, तरी पत्रिकेवर दोघांचा आकडा एकच. प्रयोगशाळेतली वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ पासूनची आणि भरवशाची आहे, पण तिला डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल लागते. ते स्वयंसेवकांच्या हाती देण्याजोगे नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हौशी हातांनी केलेल्या मोजणीवर विश्वास कसा ठेवायचा? खरी चूक बाटलीत होण्याआधी शेतात होते. नमुना धुऱ्यालगत, झाडाखाली किंवा उकिरड्याजवळ घेतला की पुढचे सगळे वाया. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा, वीतभर खोल खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. हे कष्टाचे काम आहे, अवघड नाही, आणि घाईत असलेल्या पगारी माणसापेक्षा राष्ट्रीय सेवा योजनेची मुले ते बरे करतील. त्यांचे सात दिवसांचे शिबिर एरवी रस्ते झाडण्यात जातेच. द्रावण मात्र रसायनशास्त्राच्या शिक्षकांनीच बनवावे. दर दहा नमुन्यांतला एक प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि जांभळ्या छटांची पट्टी हदगावच्याच मातीवर बेतावी. परदेशातले आकडे इथे चिकटवू नयेत.

तिसऱ्या आक्षेपाशी मी सहमत आहे. सक्रिय कर्ब म्हणजे एकूण कर्ब नव्हे. या चाचणीच्या जोरावर कोणी कार्बन क्रेडिटचे करार करू लागला तर त्याला बांधावरूनच परत पाठवावे. ही चाचणी आपल्याच दोन रानांची, किंवा एकाच रानाच्या दोन वर्षांची तुलना करण्यापुरती आहे. काळ्या जमिनीत कर्ब वाढतो, हे हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे इक्रिसॅटने १९७६ पासून चालवलेल्या प्रयोगाने दाखवले आहे. सुधारित पद्धतीच्या रानात उत्पन्न पारंपरिक रानाच्या कित्येक पट आले आणि कर्बही जास्त साठला. हदगावात बैल कमी झाले, शेणखत महागले, सोयाबीनचे भुसकट रानाबाहेर जाते. यातले काय बदलले तर फरक पडतो, हे शेतकऱ्याला त्याच्याच शेतात दिसले पाहिजे.

तालुक्यातल्या महाविद्यालयांनी यंदाच्या शिबिरासाठी एकच गाव निवडावे, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे पट्टी बेतून देण्याची मागणी आताच करावी, आणि प्रत्येक नमुन्याचा निकाल आधी त्या शेतकऱ्याच्या हाती द्यावा.