बॅटरी उतरू देणे हिताचे नाही

मासेमारी नौकेची बॅटरी पूर्ण उतरल्यावरच चार्ज करावी, हे मत चुकीचे आहे. तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता; नौकांवर सर्रास असलेल्या शिसे-आम्ल बॅटरीला तो घातक ठरतो. अशी बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते.

१२ व्होल्टची बॅटरी काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल, तर ती पूर्ण भरलेली असते; १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी. निम्म्याखाली ती वारंवार जाऊ देऊ नये. इंजिन थोडाच वेळ चालले, तर अल्टरनेटर बॅटरी पूर्ण भरू शकत नाही. म्हणून बंदरात परतल्यावर योग्य चार्जर लावणे आवश्यक ठरते. दिवे, वायरलेस आणि जीपीएससाठी वेगळी बॅटरी ठेवल्यास इंजिन सुरू करण्याची बॅटरी सुरक्षित राहते.

पाण्याच्या बॅटरीत चार्जिंगनंतर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. खारे पाणी आत गेल्यास विषारी क्लोरीन तयार होऊ शकतो. चार्जिंगच्या वेळी स्फोटक हायड्रोजन निघतो. तेव्हा जागा हवेशीर हवी, विडी-काडी दूर हवी.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बॅटरी आपोआप उतरत राहते. नौका शाकारताना ती पूर्ण भरून, तारा सोडवून कोरड्या जागी ठेवावी आणि महिन्याला पुन्हा चार्ज करावी. भर समुद्रात इंजिन व वायरलेस दोन्ही बंद पडणे जिवावर बेतते. तांडेल व नौकामालकांनी ही काळजी अवश्य घ्यावी.