म्हातारपणाच्या नावावर खपवलेला आजार

पहाटे तीनला टक्क जागे होऊन आढ्याकडे पाहत पडणारे म्हातारे माणूस आज घरोघरी आहे, आणि घरोघरी त्याला एकच उत्तर मिळते: "वय झालं, झोप कमीच व्हायची!" हे उत्तर धादांत खोटे आहे. वयाबरोबर झोप हलकी होते, तुटते, हे खरे. पण रोज पहाटे जाग येणे, त्याच वेळी जीव सर्वांत जड होणे, अन्नावरची वासना उडणे, नातवंडांतही मन न रमणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. झोप बिघडली की नैराश्य बळावते. बरा झालेला रोगीही पुन्हा खचतो. म्हातारे माणूस "मन उदास आहे" असे क्वचितच म्हणते. "झोप लागत नाही, अंग दुखतं" एवढेच सांगते. ऐकणाऱ्या डॉक्टरला पुढचे दोन प्रश्न विचारता येऊ नयेत?

मुंबईतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत साठीपुढच्या शंभरांत आठांहून अधिकांना नैराश्य असावे असे दिसले. निदान झालेले शंभरात एकसुद्धा भरले नाहीत! याला हेळसांड म्हणतात.

निदानाऐवजी आपण हातावर काय ठेवतो? झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम गोळ्यांची पट्टी! वृद्धांना या जातीच्या गोळ्या शक्यतो देऊ नयेत, हे वैद्यकशास्त्र कधीपासून बजावते आहे. गुंगी येते, भ्रम होतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. मूळचे नैराश्य मात्र जागेवरच राहते. २०१४ पासून ही गोळी एच-१ परिशिष्टात आहे. चिठ्ठीशिवाय विकू नये, विक्रीची नोंदवही ठेवावी, असा नियम आहे. तरी कित्येक दुकानांत वर्षापूर्वीच्या चुरगळलेल्या चिठ्ठीवर ती सर्रास मिळते. औषध निरीक्षक करतात काय? झोपेच्या सवयी सुधारणारी, गोळीविना चालणारी उपचारपद्धती आधी वापरायची असते. तिचे नाव तरी किती रुग्णांच्या कानांवर पडते?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १८ वृद्धांसाठी मानसिक आरोग्यसेवा देण्याचे बंधन सरकारवर घालते. ही सेवा कोणत्या तालुक्यांत सुरू आहे, त्यांची यादी सरकारने जाहीर करावी. आमची ही मागणी आहे, विनंती नव्हे.

आणि मुलासुनांनो, लेकीजावयांनो, पुढची पट्टी आणण्याआधी आईवडिलांजवळ बसून मनाचे विचारा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक अहोरात्र चालतो, मराठीत बोलतो, पैसे घेत नाही. आजच फिरवा.