ताकदीच्या औषधानं मूल बिथरतं तेव्हा

"ताकदीचं औषध सुरू केल्यापासून लेकरू नुसतं किरकिर करतंय," असं एखादी आई सांगते, तेव्हा घरातून तिला ठरलेली उत्तरं मिळतात. व्हिटॅमिननं काय होतंय? उलट अंगी लागेल. दात येत असतील. दृष्ट लागली असेल. तू फार विचार करतेस. दवाखान्यात गर्दी असली की तिथेही "व्हिटॅमिननं काही होत नसतं" एवढं बोलून पुढच्या पेशंटला आत घेतलं जातं. मग ती आई गप्प बसते. दिवसरात्र मुलाजवळ असणाऱ्या माणसाला त्याच्या वागण्यातला फरक सगळ्यांत आधी कळतो आणि नेमकं त्याचंच म्हणणं सगळ्यांत हलकं धरलं जातं, याचा मला मनापासून राग येतो.

टॉनिकमुळे लहान मुलाचं वागणं बदलू शकतं का? बदलू शकतं. कारणं मात्र निरनिराळी असतात. कधी मात्रा चुकलेली असते. कधी बाटलीत व्हिटॅमिनच्या जोडीला भलतंच औषध असतं. आणि कधी मूल बरं होत असतं, पण घरच्यांना ते बिघडल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या कारणापासून सुरुवात करते, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. गेल्या पावसाळ्यात नाशिकला भाचीकडे होते. तिचा मुलगा दोन वर्षांचा होत आलेला. मूळचा चळवळ्या, स्वयंपाकघरातले डबे ओढून काढणारा. तो दुपारी जेवता जेवता मान टाकायचा, घास तसाच गालात. संध्याकाळी उठला की कुणी नुसता हात लावला तरी किंचाळायचा आणि रात्री मध्येच उठून बसायचा. "मावशी, तू बघ ना, हा असा नव्हता गं," भाची म्हणाली. "भूक लागत नाही म्हणून टॉनिक आणलं. भूक लागली, पण पोर हरवलं." तिच्या सासूबाईंना काही वावगं दिसत नव्हतं. "जेवतोय ना आता? मग झालं तर."

टॉनिक शेजारणीनं सुचवलेलं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं. खोक्यावर फळं आणि हसरं बाळ. बाटलीच्या मागच्या लेबलावर सरबताचे ओघळ सुकून चिकटले होते आणि अक्षरं इतकी बारीक की मोबाइलनं फोटो काढून तो मोठा करावा लागला. ब गटातली दोन-तीन जीवनसत्त्वं होती आणि सगळ्यांत वर होतं सायप्रोहेप्टाडीन.

हे जीवनसत्त्व नव्हे. हे ॲलर्जीवरचं जुनं औषध आहे. शिंका, खाज, अंगावर उठणाऱ्या गांध्या यांसाठी ते वापरलं जातं. मेंदूतल्या हिस्टामाइन आणि सेरोटोनिनच्या कामात ते आडवं येतं आणि त्यामुळे भूक वाढते. याच गुणासाठी आपल्याकडे ते भूक वाढवणाऱ्या सिरपांत सर्रास घातलं जातं. पण भूक वाढते त्याच वाटेनं गुंगीही येते. काही लहान मुलांत नेमकं उलटं होतं: ती अस्वस्थ होतात, चिडतात, झोप मोडते. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ते सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टर एखाद्या मुलाला विचार करून, ठरावीक दिवस ते देतात तेव्हा गोष्ट वेगळी. पण 'टॉनिक' या नावाखाली ते घरात येतं तेव्हा आपण मुलाला गुंगी आणणारं औषध पाजतो आहोत हे आईला माहीतच नसतं. भाचीनं बाटली घेऊन डॉक्टर गाठले, त्यांनी ती बंद केली आणि आठवडा उलटायच्या आत डबे पुन्हा जमिनीवर आले.

आता खऱ्याखुऱ्या जीवनसत्त्वांकडे वळू. ब गटातलं आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, जास्त झालेलं बरंचसं लघवीवाटे जातं. अ आणि ड चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. त्यामुळे त्यांची मात्रा चुकली तर ती चूक आठवडेच्या आठवडे अंगात राहते.

ड जीवनसत्त्वाचे थेंब आज जवळपास प्रत्येक तान्ह्या बाळाला सांगितले जातात आणि ते योग्यच आहे. पहिल्या वर्षात रोज ४०० आययू एवढी त्याची गरज. गोंधळ होतो तो मापात. एका बाटलीत मिलीलिटरला ४००, तर दुसरीत ८००. पहिली संपली म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली, ड्रॉपर मात्र जुन्याच खुणेपर्यंत भरला, की मात्रा दुप्पट. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० साली ड्रॉपरविषयी खास इशारा दिला होता: काही बाटल्यांबरोबरचा ड्रॉपर बाळाच्या रोजच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त औषध ओढू शकत होता. आपल्याकडे त्याहून मोठा धोका आहे ६०,००० आययूच्या पुडीचा. मोठ्यांना आठवड्यातून एकदा सांगितलेली ही पुडी घरातलं कुणी 'हाडं मजबूत होतील' म्हणून बाळाला रोज देतं. एका पुडीत तान्ह्या बाळाच्या १५० दिवसांचं ड जीवनसत्त्व असतं.

असं झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्याची पहिली खूण बहुधा वागण्यात दिसते. मूल चिडचिडं होतं, दूध नको म्हणतं, मलूल पडून राहतं. जोडीला उलट्या, घट्ट शी, सारखी तहान आणि सारखी लघवी. यातलं एकेक लक्षण सुटं घेतलं तर कुठल्याही घरात खपून जातं. सगळी एकत्र दिसली तर रक्त तपासायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. मुडदूस होऊ नये म्हणून बाळांच्या दुधाच्या भुकटीत, धान्याच्या पिठात, शिवाय कॉड लिव्हर ऑइलमध्येही ड जीवनसत्त्व होतं आणि एकाच बाळाच्या पोटात हे सगळं जात होतं. खाणं सोडलेली, ओकणारी, वाळत चाललेली बाळं इस्पितळांत येऊ लागली. १९५७ साली तिथं पदार्थांतलं ड जीवनसत्त्वाचं प्रमाण कमी करण्यात आलं. पुढे २०११ मध्ये आणखी एक धागा सापडला: ड जीवनसत्त्वाचा निचरा करणारं जनुकच काही बाळांत जन्मतः सदोष असतं. अशा बाळाला नेहमीची मात्राही बाधू शकते. अशी बाळं विरळा, हे खरं. पण "मात्रा बरोबर आहे, म्हणजे तुमचा भ्रम" असं आईला ठामपणे सांगण्याआधी हे ठाऊक असायला हवं.

अ जीवनसत्त्वाचा अतिरेक मेंदूभोवतीचा दाब वाढवतो. मोठ्या माणसाच्या वागण्यावर त्याचा किती परिणाम होऊ शकतो, याची एक गोष्ट अंटार्क्टिकाच्या इतिहासात सांगितली जाते. डग्लस मॉसन आणि झेव्हियर मर्ट्झ हे मोहिमेवरचे दोघे संशोधक बहुतेक अन्न गमावल्यावर आपल्याच स्लेजच्या कुत्र्यांचं मांस आणि यकृत खाऊन परतीची वाट कापत होते. मर्ट्झ आधी खिन्न झाला, मग चिडखोर, मग भ्रमिष्ट. जानेवारी १९१३ मध्ये तो गेला. यकृतातल्या अ जीवनसत्त्वाची ती बाधा असावी असा निष्कर्ष १९६९ साली मांडला गेला. तो सगळ्यांना मान्य नाही, पण लक्षणं जुळतात. आपल्या बाळांच्या बाबतीत इतकं भिण्याचं कारण नाही. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक लाख आययू आणि मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख, हा सरकारी डोस विचार करून ठरवलेला आहे. त्यानंतर एखादं बाळ उलटी करतं, किरकिरतं, क्वचित टाळू फुगल्यासारखी दिसते. हे सहसा एक ते तीन दिवसांत ओसरतं. अंगणवाडीताईनं डोस देतानाच हे सांगितलं तर किती घरांतली घालमेल वाचेल. आणि घरात आधीच अ जीवनसत्त्वाचं सिरप चालू असेल तर ते आईनं ताईला सांगायला हवं.

व्हिटॅमिनच्या गमीज हा नवा प्रकार. चव गोळ्या-चॉकलेटची, म्हणून मूल मागून घेतं, डबा हाती लागला तर मूठभर खातं. त्यातल्या रंगांबद्दल बोलायला हवं. २००७ साली साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय देऊन पाहिलं. सरासरीनं मुलांची चंचलता वाढलेली आढळली. फरक मोठा नव्हता आणि सगळ्या मुलांत सारखाही नव्हता. तरीही युरोपीय संघानं २०१० पासून त्या रंगांच्या खाद्यपदार्थांवर 'मुलांच्या हालचालींवर व एकाग्रतेवर विपरीत परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची सूचना बंधनकारक केली. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन हे रंग आपल्याकडे खाद्यपदार्थांत चालतात.

इथे साखरेचं नाव हमखास निघतं. साखरेनं मूल उसळतं हा समज मात्र नीट घेतलेल्या चाचण्यांत टिकला नाही. १९९४ मधला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. 'आमच्या मुलाला साखर सोसत नाही' असं म्हणणाऱ्या आयांच्या पाच ते सात वर्षांच्या मुलांना सगळ्यांनाच बिनसाखरेचं गोड पेय दिलं. निम्म्या आयांना सांगितलं, की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त दंगेखोर वाटली, इतकंच नाही तर त्या मुलांच्या अधिक जवळ जवळ राहिल्या, अधिक टोकत राहिल्या. आपल्या मनात जे बसलेलं असतं ते आपण मुलात पाहतो, हे खरं आहे आणि माझ्या म्हणण्याच्या आड येणारंही आहे. तरीही यातून मी 'आईचं ऐकू नका' असा अर्थ काढत नाही. तिनं लिहून ठेवावं, एवढाच काढते. औषध किती वाजता दिलं, झोप कधी लागली, कधी मोडली, शी कशी झाली, किती वेळ रडला. चार दिवसांच्या अशा नोंदी डॉक्टरांपुढे ठेवल्या तर कुणालाही त्या झटकता येत नाहीत.

तिसरं कारण सगळ्यांत हळवं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या ओळखीचा एक आजार आहे. आई शाकाहारी, किंवा मांस-अंडी-दूध परवडत नाही अशी. तिच्या अंगात बी-ट्वेल्व्ह कमी, म्हणून दुधातही कमी. बाळ सहा महिन्यांच्या पुढे गेलं तरी नुसत्या अंगावरच्या दुधावर. ते गुबगुबीत दिसतं, पण हसणं सोडतं, नजर देत नाही, बसायला लागलेलं बसेनासं होतं. केस विरळ आणि तांबूस होतात, बोटांची पेरं काळवंडतात. मग हात, ओठ, जीभ थरथरू लागतात आणि रडण्याचा सूर बकरीच्या बें-बें सारखा कापरा होतो. झोपेत मात्र थरथर थांबते. बी-ट्वेल्व्ह दिलं की अशी बाळं काही दिवसांतच भोवती बघू लागतात, हसतात. पण काही बाळांत ही थरथर औषध सुरू केल्यावरच दिसायला लागते, किंवा आधीची वाढते. "इंजेक्शननं पोर बिघडलं" असं वाटून घरचे उपचार सोडतात ते याच टप्प्यावर, आणि सोडायचे नसतात ते नेमके इथेच. ही थरथर काही आठवड्यांत ओसरते. पहिल्याच दिवशी कुणी दोन वाक्यांत हे सांगितलं तर आई तग धरते.

पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. बहुसंख्य आयांत बी-ट्वेल्व्ह कमी आढळलं. ज्यांचं फार कमी होतं त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष टिकवण्याच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या चाचण्यांत मागे पडली. वागण्यातला किती भाग टॉनिकमुळे आणि किती टॉनिक वेळेवर न मिळाल्यामुळे, हा प्रश्न म्हणूनच दोन्ही बाजूंनी विचारायला हवा.

लोहाचंही तसंच. ते जीवनसत्त्व नव्हे, खनिज. पण घरात सगळं 'टॉनिक'च. लोह कमी असलेलं मूल किरकिरं असतं, माती खातं, रडता रडता श्वास रोखून निळं पडतं. लोह दिलं की हे प्रकार कमी होतात. शी काळी होते, कधी घट्टही होते, आणि पोट साफ नसलेलं मूल कुरकुरणारच; पण त्यावर उपाय मात्रा आणि वेळ डॉक्टरांना विचारून बदलणं हा आहे, बाटली फेकून देणं हा नव्हे. आणि इतके दिवस मांडीवर निपचित पडून राहणारं मूल लोहानं धावायला, हट्ट करायला, भावाचे केस ओढायला लागलं तर घरात "औषधानं द्वाड झालं" म्हणतात. ते द्वाड झालेलं नसतं, त्याच्या अंगात रक्त आलेलं असतं.

मुलाचं वागणं अचानक पालटलं तर आईनं घरातली प्रत्येक बाटली, पुडी, गमीजचा डबा, बाळगुटी, सुवर्णप्राशनाचे थेंबसुद्धा, सगळं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावं. ड्रॉपरसकट न्यावं आणि आपण कुठल्या खुणेपर्यंत भरतो ते तिथं भरून दाखवावं. झापड येऊन मूल उठवता उठत नसेल, सारखं ओकत असेल किंवा टाळू फुगली असेल तर थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं. आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे माझी मागणी आहे: सायप्रोहेप्टाडीन घातलेलं कुठलंही सिरप चिठ्ठीशिवाय विकलं जाऊ नये, आणि त्याच्या बाटलीवर पुढच्या बाजूला, हसऱ्या बाळाच्या चित्राएवढ्याच ठळकपणे, मराठीत छापलेलं असावं की या औषधानं मुलाला गुंगी येऊ शकते.