सर्व्हर मारला कुणी?

रॅम महागली आणि आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. मेमरी चिपा बनवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशल’ हा किरकोळ ग्राहकांचा धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले. चिपांचा ओघ एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला आहे. ‘आणखी एक स्टिक टाका’ हा सल्ला आता कुणाच्या खिशाला झेपत नाही. या महिन्याची बहुतेक पत्रे भाड्याच्या सर्व्हरबद्दल आहेत आणि तक्रार जवळजवळ एकच: आठ जीबीचा प्लॅन घेतला, माइनक्राफ्टचा दीडएकशे मॉडचा पॅक चढवला, दुपारभर सुरळीत चालला आणि संध्याकाळी ऐन गर्दीत बंद पडला. क्रॅश रिपोर्ट नाही, लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ नाही. कन्सोलवर फक्त एक्झिट कोड १३७.

तिकीट टाकले की उत्तर येते, ‘तुमच्या मॉडमध्ये दोष आहे.’ पुन्हा टाकले की, ‘बारा जीबीचा प्लॅन घ्या.’ दोष मॉडमध्ये असेल तर तो बारा जीबीने कसा जाणार, हे विचारायची सोय नाही. तोवर तिकीट बंद झालेले असते.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९. नऊ नंबरचा सिग्नल, म्हणजे प्रोसेस थेट ठार. जावाला दोन ओळी लिहायचीही उसंत नाही. बहुधा कर्नलने मारले, कारण कंटेनरची मेमरी-मर्यादा ओलांडली. आणि ओलांडली, कारण होस्टच्या पॅनेलने प्लॅनचे आठच्या आठ जीबी एक्सएमएक्सला देऊन टाकले. एक्सएमएक्स ही फक्त हीपची मर्यादा. शेकडो मॉडांचे क्लास मेटास्पेसमध्ये जातात, जेआयटीचा कोड कॅश निराळा, थ्रेडांचे स्टॅक निराळे, जी-वन या गार्बेज कलेक्टरची (जीसीची) स्वतःची हिशेबवही निराळी. डायरेक्ट बफरना वेगळी मर्यादा घातली नसेल तर तीही एक्सएमएक्सइतकीच धरली जाते! त्यात कुठून तरी उचललेल्या फ्लॅगांच्या माळेत ‘ऑलवेज प्री टच’ असला आणि एक्सएमएस, म्हणजे सुरुवातीचा हीपही, तेवढाच ठेवला, तर हीपची सगळी पाने सुरुवातीलाच व्यापली जातात. एसटीच्या सगळ्या सीटा विकताना ड्रायव्हरचीही विकावी, तसला हा प्रकार.

संताप याचा, की होस्टला हे दिसते. कंटेनरच्या सीग्रुपमध्ये ओओएम-किलचा, म्हणजे मेमरी संपल्याने कितीदा मारले त्याचा, आकडा नोंदलेला असतो. तो पॅनेलवर दाखवणे अवघड नाही. दाखवत नाहीत, याचे कारण आम्हाला तरी एकच दिसते: आकडा दिसला तर ग्राहक एक्सएमएक्स साडेसहावर आणेल आणि मोठा प्लॅन घेणार नाही.

पण आपले पॅककार तरी काय करतात? ‘किमान दहा जीबी द्या’ लिहून मोकळे. किती रेंडर डिस्टन्सला? कोणत्या जावावर? मोजले कुणी? एफ-थ्रीवरचा चढता आकडा कचऱ्यासकटचा असतो. जीसीनंतर उरतो तो खरा, हे अजून सांगावे लागते. ‘किमान दहा’च्या त्या एका ओळीपायी आठ जीबीच्या लॅपटॉपवरचा मुलगा मेमरीचा स्लायडर सातवर नेतो. इंटिग्रेटेड ग्राफिक्स त्याच रॅममधून खाते, विंडोज पेजफाइलवर येते आणि जीसी डिस्कवर गेलेली पाने धुंडाळू लागला की खेळ जागच्या जागी थिजतो. शिव्या मात्र मॉडला. फेराइटकोर आणि मॉडर्नफिक्स हे मेमरी वाचवणारे मॉड पॅकमध्ये न घालताच मेमरी मागणाऱ्यांबद्दल न बोललेलेच बरे.

तेव्हा सर्व्हरवाल्यांनो, आज रात्रीच एक्सएमएक्स प्लॅनपेक्षा दीड-दोन जीबी खाली आणा. पॅनेल आणू देत नसेल तर होस्ट बदला. पुढच्या तिकिटात मॉडबद्दल चकार शब्द नको; ओओएम-किलचा आकडा मागा, लेखी मागा. पॅककारांनी स्पार्क हा प्रोफायलर लावून, चार-पाच खेळाडू तासभर नव्या चंकांत फिरवून, जीसीनंतर उरणारा आकडा घ्यावा. सोबत खेळाडूसंख्या, व्ह्यू डिस्टन्स आणि जावाची आवृत्ती लिहून येत्या १० तारखेपर्यंत आमच्याकडे धाडावा. नुसते ‘आमच्याकडे नीट चालते’ अशी पत्रे छापली जाणार नाहीत. होस्टांची उत्तरेही पाठवा, आम्ही शब्दशः छापू. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्यांची यादी वेगळी लावू.