निवृत्तीचा हार सुकल्यावर

कामगार निवृत्त होतो त्या दिवशी खात्यात समारंभ होतो. शाल, श्रीफळ, हार, चार भाषणे. फंड आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब मिळतो आणि युनियनच्या दप्तरातून त्याचे नाव कमी होते. पुढे पाच-दहा वर्षांनी त्याची विधवा युनियनच्या कार्यालयाची पायरी चढते तेव्हा तिच्या हातात पिशवीभर कागद असतात. त्यातला कोणता कामाचा, कोणता निरुपयोगी, हे तिला कोणी सांगितलेले नसते. घर मुलाच्या नावावर झालेले असते, बँकेतले पैसे अडकलेले असतात. तीस-पस्तीस वर्षे राबून मिळवलेले असे हातातून जाते, आणि बहुतेक वेळा त्याला मालक नव्हे, तर वेळेवर न केलेला एखादा कागद किंवा भरवशावर केलेली एखादी सही कारणीभूत असते.

पहिला कागद नॉमिनेशनचा. कितीतरी कामगार नोकरीला लागताना आईचे किंवा भावाचे नाव लिहितात आणि नंतर तो कागद कधीच उघडत नाहीत. भविष्य निर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेचा नियम असा, की कुटुंब नसताना केलेले नॉमिनेशन लग्न होताच रद्द समजले जाते आणि ते नव्याने करावे लागते. ग्रॅच्युइटीचे नॉमिनेशन वेगळे असते, तेही तपासावे लागते. पत्नीचे नाव रेकॉर्डवर नसेल किंवा आधार कार्डावर एक आणि रेकॉर्डवर दुसरे असेल, तर तिची फॅमिली पेन्शन महिनोन् महिने अडकते. पगार चालू असताना ही दुरुस्ती एका अर्जाचे काम आहे. मृत्यूनंतर तीच दुरुस्ती खेट्यांचे काम होते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, पण कायदेशीर वारसांच्या वतीने. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हे सांगितले, आणि शेअर व डिबेंचरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये तेच तत्त्व कायम केले. अपवाद आयुर्विम्याचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर विम्याच्या रकमेवर त्यांचाच हक्क मानला जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. पण नॉमिनी एक असो की चार, मालकी ठरते ती मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

मृत्युपत्र हा श्रीमंतांचा विषय आहे, असा आपल्याकडे समज आहे. ज्याच्याजवळ दोनच खोल्या आणि थोडी ठेव आहे त्याला ते अधिक लागते, कारण त्याच्या कुटुंबाला कोर्टाचा खर्च परवडत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. स्टँप लागत नाही. करणाऱ्याने सही करावी आणि दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असलेली आई यांचा समान वाटा असतो. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीतही २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः हक्क मिळाला आहे. मुसलमान कामगाराला सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते, बाकीचे वाटे शरियतप्रमाणे ठरतात.

भिलाई, इंदूर, बडोदे अशा ठिकाणी स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांसाठी एक जास्तीची सूचना. नोकरीच्या गावी घर आणि सातारा-रत्नागिरीकडे जमीन, अशी मिळकत दोन राज्यांत असेल तर दोन्हींचे वर्णन मृत्युपत्रात यावे. गावाकडच्या सातबारावर नुसते भावाचे नाव लागले म्हणून आपला हिस्सा संपत नाही, कारण फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, मालकीसाठी नव्हे. पण नोंद तशीच राहू दिली तर पुढच्या पिढीला भांडणाचा वारसा मिळतो.

सर्वांत मोठा धोका आहे तो जिवंतपणी केलेल्या सह्यांचा. मुलगा म्हणतो, कर्ज काढायचे आहे, घर माझ्या नावावर करा. वडील बक्षीसपत्र करून देतात. वडील गेल्यावर आई आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतले जाते. नोंदलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्रात आणि बक्षीसपत्रात फरक आहे तो हाच. घर शेवटी मुलालाच द्यायचे असले तरी मृत्युपत्राने द्यावे, म्हणजे आपण आणि आपली जोडीदारीण हयात असेपर्यंत छप्पर आपले राहते.

बक्षीसपत्र करणे भागच असेल तर त्यातच स्पष्ट अट लिहावी, की घेणाऱ्याने देणाऱ्याचा सांभाळ करावा. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकते. अट असल्याशिवाय हे कलम लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. जानेवारी २०२५ च्या निकालात हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा आणि न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकते, असे सांगितले. म्हणून अट तोंडी ठेवू नये.

याच कायद्याखाली सांभाळ न करणाऱ्या मुला-मुलींकडून आईवडिलांना महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्याच्या, म्हणजेच एस.डी.एम.च्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे चालतो. निर्वाहाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत द्यावा, असे बंधन आहे. साध्या कागदावरचा अर्ज पुरतो. मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक देशभर आहे.

मुखत्यारपत्राबद्दलही गैरसमज आहे. ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, आणि देणाऱ्याची बुद्धी काम करेनाशी झाली तरी संपते. म्हणजे जेव्हा गरज सर्वांत जास्त तेव्हाच ते कामाला येत नाही. म्हणून पती-पत्नीचे खाते दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असे संयुक्त असावे, आणि पासबुक, पेन्शनचा पी.पी.ओ., विमा पॉलिसी, घराचे कागद कोठे आहेत हे दोघांनाही माहीत असावे.

हे सारे सांगताना एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. कागद नीट ठेवल्याने तुटपुंजी पेन्शन मोठी होत नाही. १९९५ च्या पेन्शन योजनेत सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. २०१४ ते २०२५ या अकरा वर्षांत तिच्यात एका रुपयाची वाढ झाली नाही, आणि तिला महागाई भत्ताही नाही. पेन्शनर मेल्यावर विधवेला मिळते ती त्याच्या पेन्शनची निम्मी रक्कम, किंवा हेच १,००० रुपये. असंघटित क्षेत्रातल्या दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धाला तर केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये. तेव्हा ‘म्हातारपणाचे नियोजन करा’ हा उपदेश सरकारने कामगाराला करावा, हे शोभत नाही. किमान पेन्शन ७,५०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता ही पेन्शनरांची मागणी आपली मागणी आहे, आणि ती रेटलीच पाहिजे.

पण मागणी मान्य होईपर्यंत हातात आहे ते राखणे हेही युनियनचेच काम आहे. प्रत्येक संलग्न युनियनने निवृत्तीला एक वर्ष उरलेल्या सभासदांची यादी करावी. त्यांचे नॉमिनेशन, जन्मतारीख, पत्नीचे नाव तपासावे. वर्षातून एकदा सभा घ्यावी आणि तिला पत्नीलाही बोलवावे, कारण पुढे कागद घेऊन फिरायची वेळ तिच्यावर येते. एखादा जाणता वकील मृत्युपत्राचा मसुदा समजावून सांगू शकेल. हयातीचा दाखला देण्यासाठी वृद्ध सभासदांना मदत करावी. ठेकेदारी कामगारांना यातून वगळू नये. त्यांचे फंडाचे खाते तर दर ठेकेदारागणिक विखुरलेले असते.

पगारवाढीच्या कराराची प्रत जपणारा कामगार स्वतःच्या घराच्या कागदावर न वाचता सही करतो, हे थांबले पाहिजे. निवृत्तीच्या दिवशी हार जरूर घालावा. त्याआधी त्याचे कागद तपासावेत.